जगभरातली जुनी नाणी जमवायचीत? मुंबईत बसून सुरुवात कशी करायची

मला दर महिन्याला दोन-तीन जण तरी विचारतात की जुनी परदेशी नाणी जमवायची हौस आहे, सुरुवात कुठून करू, आणि बहुतेकांनी विचारायच्या आधीच कुठूनतरी "१०० देशांची १०० नाणी" असलं पाकीट मागवलेलं असतं. ते पाकीट वाईट नाही, घरातल्या पोरांना द्यायला छान आहे, पण त्यात प्रत्येक नाण्याखाली देशाचं नाव छापलेलं असतं, म्हणजे जे काम तुम्ही करायचं ते कोणीतरी आधीच करून ठेवलंय. या नादातली सगळी मजा ओळखण्यात आहे. हातात एक मळकट गोल तुकडा येतो, अक्षर लागत नाही, साल लागत नाही, आणि तासभर डोकं लावल्यावर कळतं की हे अमक्या देशाचं, अमक्या सालचं, अमक्या धातूचं. म्हणून मी सगळ्यांना एकच नियम सांगतो: हातातलं नाणं पूर्ण ओळखल्याशिवाय पुढचं विकत घ्यायचं नाही. महिन्याला चारच नाणी झाली तरी चालतील.

पहिलं काम, बाजारात जाऊ नका, घरात शोधा. मुंबईत मराठी घर असेल तर नात्यात कोणीतरी बोटीवर होतं, कोणीतरी गल्फला होतं, कोणी गोदीत कामाला होतं, आणि अशा प्रत्येक माणसाच्या खिशातून चिल्लर घरी आलेली असते. आमचा मामा रत्नागिरीचा, बोटीवर खलाशी, तो प्रत्येक फेरीला उरलेली चिल्लर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि मामी तो डबा माळ्यावर ठेवायची. माझं सगळं शिक्षण त्या डब्यावर झालं. तर आजीला विचारा, आत्याला विचारा, शिवणाच्या डब्यात बघा, बटणांमध्ये परदेशी नाणी हमखास असतात. आता चाळी रिडेव्हलपमेंटला चालल्यात, लोक ट्रंका रिकाम्या करतायत आणि सगळं भंगारवाल्याला जातंय, त्यामुळे शेजारीपाजारी सांगून ठेवा की नाणी निघाली तर टाकू नका, आधी मला दाखवा. देव्हाऱ्यातलं नाणं मात्र मागायचं नाही. ते पूजेतलं आहे, हळदकुंकू लागलेलं आहे, फोटो काढायची परवानगी मागा, वजन करू दिलं तर करा आणि परत जागेवर ठेवा. तिथे बहुतेक वेळा राणीछाप किंवा राजाछाप रुपया असतो, आणि त्याचं वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरलं की लक्षात येईल की हा बरोब्बर एक तोळा आहे, तोळा आणि रुपया हे एकच वजन होतं. परदेशी नाण्यांच्या आधी हे एक नाणं हातात घेऊन बघाच, चांदी हाताला कशी लागते ते समजतं.

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्निअर कॅलिपर (प्लॅस्टिकचा घ्या, स्टीलच्या टोकांनी ओरखडे पडतात), एक चांगलं जोरदार लोहचुंबक आणि एक वही. झवेरी बाजारच्या आजूबाजूला सोनारांची अवजारं विकणारी दुकानं आहेत तिथे भिंग आणि काटा दोन्ही मिळतं. नाणं धरायचं ते फक्त कडेने, दोन बोटांत, आणि खाली टॉवेल पसरून, कारण आपल्याकडे सगळीकडे लाद्या आणि नाणं सुटलं की कडेला ठेच पडलीच.

आता ओळखायचं कसं, हा सगळ्यात मोठा भाग.

देशाचं नाव इंग्रजीत असेल असं धरून चालू नका, बरेच देश आपलं नाव आपल्या भाषेत किंवा लॅटिनमध्ये लिहितात. हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, मग्यार म्हणजे हंगेरी, नोर्गे म्हणजे नॉर्वे, एरे म्हणजे आयर्लंड, पोल्स्का म्हणजे पोलंड, आणि इंग्रजीत सीसीसीपी वाटतं ते खरं तर रशियन लिपीतलं एसएसएसआर आहे, म्हणजे सोव्हिएत युनियन. ही दहा-पंधरा नावं पाठ झाली की अर्धा युरोप सुटला. इंग्रजांच्या नाण्यांवर राजाचं तोंड कुठे आहे ते बघायची सवय लावा. व्हिक्टोरिया राणी डावीकडे बघते, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे, सहावा जॉर्जही डावीकडे, एलिझाबेथ उजवीकडे, आणि आताचा चार्ल्स परत डावीकडे. नाणं इतकं झिजलं असेल की अक्षर दिसत नाही, तरी नुसत्या आकृतीवरून काळ कळतो.

सालाचं गणित मात्र मराठी माणसाला सोपं जातं, कारण कॅलेंडरवर शके आणि संवत दोन्ही बघत आपण मोठे झालो, एकाच दिवसाला तीन-तीन साल असतात हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. नेपाळच्या नाण्यापासून सुरुवात करा, देवनागरीच असतं, विक्रम संवत असतो, ५७ वजा करा, म्हणजे २०४० लिहिलं असेल तर १९८३ च्या आसपास. थायलंडचं साल बुद्धाच्या नावाने, त्यातून ५४३ वजा, २५३० म्हणजे १९८७. जपानचं नाणं राजाच्या कारकिर्दीने मोजतात. शोवा काळ असेल तर आकड्यात १९२५ मिळवा, म्हणजे शोवा ४२ म्हणजे १९६७, हेइसेई असेल तर १९८८ मिळवा, जुनं मेइजी असेल तर १८६७. त्यांच्या लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, तीन म्हणजे तीन, आणि दहा म्हणजे आपल्या अधिकच्या चिन्हासारखं, एवढ्यावर बरंच वाचता येतं. जपानचं भोकाचं पिवळं ५ येनचं नाणं आहे ना, त्यावर एकही इंग्रजी आकडा नाही, त्याच्यावर प्रॅक्टिस करा, स्वस्तात मिळतं.

अरबी आकडे सगळ्यात जास्त लागतात कारण मुंबईत गल्फची चिल्लर सगळ्यात जास्त. शून्य म्हणजे नुसतं टिंब, पाच म्हणजे गोल, हे दोन आधी डोक्यात बसवा, नाहीतर पाचाला शून्य समजून सगळं चुकतं. एक म्हणजे उभी काडी. चार आपल्या उलट्या ३ सारखा. सात इंग्रजी व्ही सारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. सहा इंग्रजी सातासारखा दिसतो, इथे सगळे फसतात. हिजरी सालाचं इसवी करायला त्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा, १४०० आलं तर १९८०, एखाद्या वर्षाचा फरक पडतो तो चालतो. इराणचं साल वेगळं, ते सूर्याचं वर्ष, त्यात सरळ ६२१ मिळवायचे. तुर्की उस्मानी नाण्यांवर अजून एक गंमत आहे, मोठ्या अक्षरात जे साल असतं ते सुलतान गादीवर बसला ते साल, आणि कारकिर्दीचं कितवं वर्ष ते वेगळं बारीक लिहिलेलं असतं. १३२७ आणि बारीक ८ दिसलं तर ते १३३४ झालं, म्हणजे १९१६ च्या आसपास. हे माहीत नसल्यामुळे लोक एकाच सुलतानाची आठ-दहा वेगळ्या वर्षांची नाणी "सगळी सेमच आहेत" म्हणून काढून टाकतात, मला फार वाईट वाटतं.

आणि ओमानचं नाणं सापडलं तर त्यावरचा बैसा हा शब्द वाचा, तो आपला पैसाच आहे. ओमानमध्ये, कुवेतमध्ये, बहरीनमध्ये आपला रुपया चालायचा, कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचं चलन काढलं. पलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोम्बासाचं १८८८ चं तांब्याचं नाणं आहे त्याचंही नाव पैसा, आणि जर्मनांनी पूर्व आफ्रिकेत जी नाणी काढली ती सुद्धा रुपी आणि पेसा. अरबी समुद्राच्या दोन्ही बाजूंना आपला हिशोब चालत होता हे शाळेत वाचलं होतं पण नाणं हातात आल्यावर ते खरं वाटलं.

मग धातू. आधी चुंबक लावा. लोखंड आणि शुद्ध निकेल चिकटतं, चांदी, तांबं, पितळ, सोनं चिकटत नाही. इंग्लंडचा एक पेनी घरात असेल तर करून बघा, १९९२ पासूनचे चिकटतात कारण आत स्टील आहे आणि वर तांब्याचा मुलामा, आधीचे चिकटत नाहीत. अमेरिकेचा १९४३ चा एक सेंट युद्धात तांबं वाचवायला स्टीलचा काढला होता, तांब्याचे चुकून थोडेसेच निघाले आणि ते प्रचंड महाग आहेत, म्हणून लोक स्टीलच्यावर तांब्याचा मुलामा देऊन विकतात, चुंबकाने एका सेकंदात समजतं. चांदीसाठी चार सालं पाठ करा. इंग्लंडची चांदीची नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ अर्धी चांदी, १९४७ पासून चांदी नाहीच. अमेरिकेची दहा आणि पंचवीस सेंटची १९६४ पर्यंत ९० टक्के. स्वित्झर्लंडची अर्धा, एक आणि दोन फ्रँकची १९६७ पर्यंत ८३.५ टक्के. चिल्लरीच्या ढिगात हात घातला की आधी ही सालं शोधा.

चुंबकाला न चिकटलेलं सगळं चांदी नसतं, त्यामुळे शंका असेल तर पाण्यातली टेस्ट करा, घरी होते आणि नाण्याला काही होत नाही. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करायचा, नाण्याला बारीक दोरा बांधून पाण्यात असं सोडायचं की तळाला आणि बाजूला टेकणार नाही, काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. शुद्ध चांदीला १०.४९ येतं, ९० टक्के चांदीला १०.३ च्या आसपास, तांबं-निकेलला ८.९. बुडबुडे चिकटले असतील तर आकडा चुकतो म्हणून नाणं जरा हलवून बुडबुडे घालवा. तीनदा करा आणि सरासरी घ्या. मी हे करत असताना शेजारचा मुलगा येऊन बसायचा, त्याला आर्किमिडीज इथे कळला.

आता विकत घ्यायला कुठे जायचं. चोर बाजार, मटण स्ट्रीट, भेंडी बाजाराच्या बाजूला. पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि शुक्रवारीच पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, दोन्ही वेगळे अनुभव आहेत, पहिल्यांदा दुकानांच्या दिवशी जा. परदेशी चिल्लरीचा मोठा वाडगा किंवा परात असते, त्यात बसून निवडायचं, एकेक नाणं विचारू नका, वीस-पंचवीस वेगळी काढा आणि सगळ्याचा मिळून भाव विचारा, मात्र ती सगळी ओळखून झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाहीत. जे तुम्हाला खरोखर हवंय ते ढिगाच्या मध्ये ठेवा, ते हातात धरून विचारलंत की भाव वाढलाच. फोर्टात फाउंटनच्या आसपास फुटपाथवरही नाणेवाले बसतात, तिथले काही जण वर्षानुवर्षं बसतायत आणि त्यांना भरपूर माहिती आहे, त्यांच्याशी नीट बोला, घासाघीस करा पण अपमान करू नका, पुढच्या वेळी तेच तुमच्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवतात. वर्षातून काही वेळा शहरात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरला वगैरे, तिथे पहिल्या वर्षी पैसे नेऊ नका, नुसतं बघा, चांगल्या स्थितीतलं नाणं कसं दिसतं ते डोळ्याला कळू दे.

डोळा तयार करायला अजून दोन जागा. फोर्टात फिरोजशहा मेहता रोडला अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे, आणि काळाघोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. दोन्ही एका दिवसात चालत होतात. सुट्टी असेल तर नाशिकजवळ त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, १९८० पासून, मुलांना घेऊन जा.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. जगातली सगळी नाणी कोणाला जमत नाहीत, कधीतरी एक विषय धरावा लागतो. कोणी प्राणी धरतं, कोणी बोटी, कोणी भोकाची नाणी. माझं म्हणणं, मुंबईत राहताय तर मुंबईत पाडलेली परदेशी नाणी जमवा. फोर्टातली टांकसाळ १८२० च्या दशकात बांधून झाली, ती अजून चालू आहे, आणि तिने दुसऱ्या देशांसाठी काय काय पाडलं हे बहुतेक मुंबईकरांना माहीतच नाही.

इंग्रजांचा ट्रेड डॉलर घ्या. १८९५ ते १९३५ या काळात चीन, हाँगकाँग, सिंगापूरच्या व्यापारासाठी हे चांदीचं नाणं काढलं, आणि बहुतेक मुंबईलाच पाडलं. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया, मागे समुद्रात जहाज, दुसऱ्या बाजूला चिनी आणि जावी (अरबी अक्षरांत मलय भाषा लिहायची) लिपीत "एक डॉलर". त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंग लावून बघा, बारीकसं इंग्रजी बी अक्षर असतं, ते बी म्हणजे बॉम्बे. वजन २६.९५ ग्रॅम, ९० टक्के चांदी. सिंगापूर आणि त्याच्या बाजूच्या इंग्रजांच्या वसाहतींचा, म्हणजे स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा १९०३ आणि १९०४ चा डॉलरही असाच मुंबईचा, त्यावरही बी.

मग मारिया थेरेसाचा थेलर. ही ऑस्ट्रियाची महाराणी, १७८० साली वारली, पण अरबस्तान आणि इथिओपियातल्या लोकांचा त्या नाण्यावर इतका विश्वास बसला होता की दुसरं नाणं ते घेईनातच, म्हणून पुढची दोनशे वर्षं जगभरातल्या टांकसाळींनी तेच नाणं, तेच १७८० साल घालून पाडलं. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर चढाईच्या वेळी त्याचे ठसे इटलीकडे घेतले, तेव्हा इंग्रजांनी आपले स्वतःचे ठसे बनवले, आणि १९४०-४१ मध्ये हे ऑस्ट्रियन महाराणीचं नाणं आपल्या फोर्टात पाडलं गेलं. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, कडेवर उठावातली लॅटिन अक्षरं. मुंबईचं कुठलं ते ओळखायला राणीच्या ब्रोचवरचे मणी मोजण्यापर्यंत जावं लागतं, ते काम पुढचं आहे, पण कुठलाही थेलर मिळाला तरी घ्या.

सोनं परवडत असेल तर १९१८ ची गिनी, म्हणजे सॉव्हरिन. त्या एकाच सालाची गिनी लंडनच्या रॉयल मिंटच्या मुंबईतल्या शाखेत पाडली गेली, मागच्या बाजूच्या घोड्याच्या खाली, सालाच्या वर जमिनीच्या रेषेवर इंग्रजी आय अक्षर असतं. आय म्हणजे इंडिया.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यांना परवडणारं, ऑस्ट्रेलियाची पेनी. दुसऱ्या महायुद्धात त्यांना नाणी कमी पडायला लागली म्हणून १९४२ आणि १९४३ च्या पेनी आणि अर्ध्या पेनी मुंबईत पाडून घेतल्या. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसरीकडे उडी मारणारा कांगारू, आणि राजाच्या गळ्याखाली बारीक आय. १९१६ ते १९१८ च्या पेनीवरही आय दिसेल पण ती कलकत्त्याची, पाचव्या जॉर्जची, गोंधळ करू नका. मामाच्या डब्यात अशा दोन पेनी होत्या, मी लहानपणापासून त्या बघत होतो, कांगारू आहे म्हणून आवडायच्या. भिंग घेतल्यानंतर गळ्याखालचा आय दिसला आणि काय आहे ते शोधून काढलं तेव्हा मी मामाला फोन केला की तू फ्रीमँटलहून आणलेली ती पेनी तुझ्या गोदीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पाडलेली आहे. मामा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, परत सांग.

जी चूक मी केली ती तुम्ही करू नका, म्हणून सांगतो. नववीत असताना दिवाळीच्या साफसफाईत आईने भांडी घासायला काढली तशी मी डब्यातली सगळी तांब्याची नाणी चिंच आणि भांड्याच्या पावडरीने लख्ख घासली. चमकली, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यातला मोम्बासाचा पैसा आज माझ्याकडे आहे, गुलाबी-लाल रंगाचा, अक्षरांच्या कडा गेलेल्या, आणि त्याची नाण्याच्या बाजारात जवळपास काहीच किंमत नाही. शंभर वर्षांत तांब्यावर जो तपकिरी थर बसतो तो मळ नाही, ते नाण्याचं कातडं आहे, एकदा गेलं की परत येत नाही. त्यामुळे चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, राख नाही, ब्रासो नाही. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, बदलत राहा, मऊ कापडावर टिपा, घासू नका. चिकट हिरवं काही असेल तर शुद्ध ॲसिटोन, प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं, नेलपेंट काढायचं नको कारण त्यात तेल आणि सुगंध असतात, आणि खिडकी उघडून, गॅसपासून लांब. फक्त एक गोष्ट वेगळी ओळखा: तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी पावडर उठत असेल, पुसली तरी परत येत असेल, तर तो रोग आहे, ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

मुंबईत ठेवण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते ते हवामान, नाण्यांना याच्यापेक्षा वाईट काही नाही. बाजारात नाण्यांचे मऊ प्लॅस्टिकचे अल्बम मिळतात, उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर तो पीव्हीसी आहे, दोन पावसाळ्यात नाण्यावर हिरवं चिकट येतं, घेऊ नका. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये मायलारची पारदर्शक खिडकी असते ते घ्या, स्टेपल करताना पिना नाण्याला टेकणार नाहीत बघा. ते होल्डर हवाबंद डब्यात, आत सिलिका जेल, रंग बदलणारी घ्या म्हणजे ओली झाल्याचं कळतं, तव्यावर मंद आचेवर गरम केली की परत वापरता येते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, दोन्हीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लायवूडच्या कपाटापेक्षा स्टीलचं कपाट बरं, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेला कप्पा तर नकोच.

खोट्यांबद्दल. ट्रेड डॉलर आणि अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर यांची नक्कल ढिगाने येते, आणि रस्त्यावर तुम्हाला पहिल्या वर्षी जो डॉलर दाखवतील तो खोटाच धरा. वजन करा, अर्धा ग्रॅमही कमी भरला तरी शंका, चुंबक लावा, कडा बघा, ओतीव नाण्याला कडेने जोड दिसतो आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे. कडेवरचे दाते एकसारखे आहेत का बघा. अजून एक, नाणं उभं धरून फिरवा. अमेरिकेच्या नाण्याची मागची बाजू उलटी असते म्हणजे वरखाली पलटवावं लागतं, इंग्लंडच्या १८८७ नंतरच्या नाण्याची सरळ असते, नक्कल करणारे इथे बऱ्याचदा चुकतात. आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी १८१८ लिहिलेलं, राम-लक्ष्मण-सीता-हनुमान असलेलं "एक आणा" नाणं, असं नाणं कंपनीने कधी काढलंच नाही. हे नाणं तांदूळ ओढतं म्हणून लाखांत विकणाऱ्या टोळ्या आहेत, लोकांची घरं गेलीत यात. आणि फोनवर "तुमचं जुनं दोन रुपयाचं नाणं पाच लाखाला घेतो, आधी फी भरा" म्हणणारे, रिझर्व्ह बँकेचं नाव लावतात, पण बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की आम्ही जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि कसली फी घेत नाही. आईवडिलांना हे नक्की सांगा, फोन त्यांनाच येतात.

कायदा थोडक्यात. १९७२ च्या कायद्याने १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू आहे, ते भारताबाहेर पाठवता येत नाही, मग परदेशी मित्राबरोबर अदलाबदल करायची असली तरी नाही. गावाला घर पाडताना, विहीर खणताना नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याखाली कलेक्टरला कळवावं लागतं, परस्पर ठेवून घेता येत नाहीत.

आणि वही. प्रत्येक नाण्याला एक ओळ: देश, साल (त्यांचं आणि आपलं), वजन, व्यास, धातू, कुठे घेतलं, केवढ्याला, कोणाकडून आलं. ओळख पटवायला नुमिस्टा नावाची साइट आहे, फोटो, वजन सगळं असतं, आणि जुन्या जाड कॅटलॉगमधले केएम नंबर तिथे मिळतात, तो नंबर वहीत लिहिला की दुसऱ्या संग्राहकाशी बोलताना गोंधळ होत नाही. "कोणाकडून आलं" हा रकाना लोक गाळतात. गाळू नका. माझ्या वहीत पहिल्या एकशे बारा ओळींसमोर मामाचं नाव आहे, आणि त्यातली अकरा नाणी अजून ओळखायची राहिलीत, एकावर नुसता एक खजूर आणि झिजलेली दोन अक्षरं आहेत. रविवारी परत भिंग घेऊन बसणार आहे.